पंप रात्रभर चालला, पण दोन्ही फीचर ओकेच होते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत रात्री दोनेक वाजता लाईट गेली, अर्ध्या तासानं आली, आणि सकाळी उठून पाहतो तर वरची टाकी ओव्हरफ्लो होऊन पाणी जिन्यावरून पार पार्किंगपर्यंत वाहून राहिलं होतं. पंपाला ऑटोमॅटिक पॅनल आहे, टाकी भरली की पंप बंद व्हायला पाहिजे. भर उन्हाळ्यात पेंचचं पाणी असं नालीत गेलं, जिवाला फार लागलं.

पॅनलवाल्यांचा माणूस आला, त्यानं फ्लोट स्विच (पाण्यासोबत वर जाऊन टाकी भरल्याचं पॅनलला सांगणारा) चेक केला, बरोबर. लाईट आल्यावर पंप आपोआप सुरू व्हायचं फीचर चेक केलं, तेही बरोबर. म्हणे सगळं ओके. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे म्हणून हट्टच धरला की टाकी भरलेली ठेवा आणि दोन्ही फीचर चालू असताना मेन स्विच पाडून परत टाका. टाकला तसा पंप सुरू झाला आन् बंदच होईना! फ्लोट वर गेला त्या क्षणीच पॅनल बंदचा सिग्नल घ्यायचं, फ्लोट आधीपासूनच वर असला तर तो क्षण येणार कुठून?

एकएकटी बरोबर चालणारी फीचर एकत्र आली की असा घोळ होतो, आमच्या कामात याला फीचर इंटरॅक्शन म्हणतात. टेलिफोनवाल्यांनी हे फार आधी भोगलंय, एकाच लाईनवर कॉल वेटिंग आणि बिझी असताना कॉल फॉरवर्ड दोन्ही घेतलं तर दुसरा कॉल आल्यावर एक्स्चेंजनं ऐकायचं कोणाचं? आता तर एकाच सॉफ्टवेअरमधून फीचर चालू-बंद करून कंपन्या कितीतरी मॉडेल काढतात. 10 फीचर म्हटले तर 1024 प्रकार, 33 झाले तर साडेआठ अब्जाच्या वर, म्हणजे पृथ्वीवर माणसं नाहीत तेवढे. सगळे तपासणं शक्यच नाही, मान्य.

पण कोणतेही दोन फीचर एकमेकांसोबत चालू-बंदच्या चारही प्रकारे एकदा तरी तपासले जावेत एवढंच पाहिजे असेल तर त्या 1024 पैकी नीट निवडलेले फक्त 6 प्रकार पुरतात! तीन फीचर मिळून होणारा घोळ यात सुटू शकतो, तरी आमचा पंप यात नक्की सापडला असता. मात्र "टाकी भरलेली असताना पंप चालू दिसायला नको" हे वाक्य आधी कुठंतरी लिहिलेलं पाहिजे आणि टाकी भरलेली-रिकामी दोन्ही ठेवून ते प्रत्येक प्रकारात तपासलं पाहिजे, नाहीतर टेस्टमध्ये पंप सुरू झाला म्हणून पास असंच लिहून मोकळे होतात.

म्हणून विनंती आहे की पॅनल, लिफ्ट, फायर अलार्म बनवणाऱ्यांनी कोणती फीचर कोणत्या फीचरसोबत तपासली ते मालासोबत लिहून द्यावं, आणि सोसायट्यांनीही पैसे देण्याआधी ते मागावं. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी पोरांना प्रॅक्टिकलमध्ये हे करायला लावलं तर फारच चांगलं.

सध्या आम्ही ते आपोआप सुरू व्हायचं फीचर बंद करून ठेवलंय, लाईट आली की वॉचमन काका गच्चीवर जाऊन टाकी पाहतात आणि मग खाली येऊन बटण दाबतात.

आपला,
एक वाचक, मनीषनगर, नागपूर