गुळानेही वजन वाढते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला वजन उतरवण्याचा लेख वाचला. साखर कमी करा, इथवर लेखिकेचे म्हणणे शंभर टक्के मान्य. पण त्याच्याच खाली ‘गूळ मात्र मनसोक्त खा, तो नैसर्गिक आहे’ असे चौकटीत छापले आहे. छापण्याआधी ही चौकट कुणा आहारतज्ज्ञाला दाखवली होती का?

माझे माहेर गुऱ्हाळाचे. काहिलीत रस उकळताना, भेंडीचा रस घालून मळी काढताना मी लहानपणापासून पाहिले आहे. उसाचा रस आटवला की गूळ होतो, आणि साखरही त्याच रसाची. गुळात थोडी खनिजे उरतात, हे खरे. पण १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, तर तेवढ्याच गुळात ३८०च्या आसपास. एवढ्या फरकाने कुणाचे वजन उतरणार?

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्या बिनसाखरेचा चहा घ्यायच्या, कुरकुर न करता. गेल्या वर्षी तुमच्याच पुरवणीत असाच एक लेख आला. त्याचे कात्रण त्यांनी जपून ठेवले आणि घरात गुळाचा चहा सुरू झाला. मग जेवणानंतर गुळाचा खडा, दुपारी शेंगदाण्यांबरोबर आणखी एक. अडवले की म्हणायच्या, “पेपरात आलंय, गुळानं काही होत नाही.” वजन वाढले, गुडघे धरले, तीन महिन्यांची सरासरी साखर चढली आणि डॉक्टरांना गोळी वाढवावी लागली. गुऱ्हाळाच्या घरातली असून माझे कुणी ऐकले नाही, कारण माझे बोलणे छापलेले नव्हते. छापील शब्दावर त्या पिढीचा केवढा विश्वास आहे, याची तुम्हाला कल्पना असायला हवी.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. आहारातली साखर कमी केलेल्यांचे वजन सरासरी ०.८ किलोने उतरले. पण साखर काढून तेवढ्याच उष्मांकांची दुसरी कर्बोदके दिली, तिथे वजनात फरक पडला नाही. मग साखरेच्या जागी गूळ घालून काय साधणार? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमचे साखर बरी म्हणते. त्या हिशेबात मधही धरतात.

‘मधुमेहींनी गूळ ही साखरच समजावी’ एवढे एक वाक्य त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावे, ही विनंती.

आणि लेखासोबतचा तो पिवळाधमक गुळाचा फोटो! असा रंग बहुतेक वेळा हायड्रॉस नावाचे रसायन घालून आणलेला असतो. न घातलेला गूळ काळपट, तांबूस दिसतो. असे फोटो छापून तुम्ही गिऱ्हाइकाला पिवळाच गूळ मागायला शिकवता; मग रसायन न घालणाऱ्या गुऱ्हाळवाल्याला सौद्यात दर कोण देणार?

– एक वाचक, ता. करवीर, जि. कोल्हापूर