कार्ड नाकारलं म्हणून लगेच दुसरा अर्ज टाकू नकोस

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, पगार चांगला, हप्ता कधी चुकवला नाही, क्रेडिट स्कोअरही साडेसातशेच्या वर, तरी बँकेने क्रेडिट कार्ड नाकारलं." मग तू घाईघाईने विषय बदललास. तुला ते किती लागलंय हे मला आवाजावरूनच कळलं. बँकेत इतकी वर्षं कर्जखात्याच्या टेबलावर काढली, त्यामुळे असा नकार घेऊन आलेली पुष्कळ माणसं मी समोर बसलेली पाहिली आहेत. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि सांगितलेलं लक्षातही राहत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी एवढं एक ऐक. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतायत तसा दुसऱ्या बँकेत लगेच अर्ज टाकू नकोस. तू अर्ज केलास की बँक तुझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुझ्या कर्जांची आणि फेडीची नोंद, मागवते आणि त्या मागणीची नोंद रिपोर्टमध्येच राहते. पुढच्या बँकेला ती तारखेसकट दिसते. एका महिन्यात चार-पाच ठिकाणच्या चौकश्या दिसल्या की या माणसाला पैशांची निकड आहे, असं समजून समोरचा अधिकारी हात आखडता घेतो. स्कोअरही थोडा उतरतो. तू स्वतः स्वतःचा रिपोर्ट काढलास तर मात्र काही बिघडत नाही, तो हवा तेव्हा काढ.

दुसरं म्हणजे कारण लेखी माग. तुला आलेल्या ईमेलमध्ये "अंतर्गत धोरणानुसार" एवढंच लिहिलंय ना? तेवढ्यावर गप्प बसू नकोस. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांसाठी निर्देश आहेत, त्यात स्पष्ट म्हटलंय की अर्ज नाकारला तर त्याचं नेमकं कारण अर्जदाराला लेखी कळवलं पाहिजे. त्या निर्देशांचा उल्लेख करून दोन ओळींचं ईमेल बँकेच्या तक्रार विभागाला पाठव. भाषा नम्र ठेव, पण मागणी सोडू नकोस. कार्ड द्यायचं की नाही हा बँकेचा अधिकार आहे, त्यात बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपालही लक्ष घालत नाही. कारण विचारणं हा मात्र तुझा हक्क आहे, आणि कारण कळल्याशिवाय आपण करणार तरी काय?

आता स्कोअरचं. सगळेजण त्या एका आकड्याकडे बघतात. फेडीच्या नोंदींवरून काढलेला ३०० ते ९०० मधला आकडा, साडेसातशेच्या वर असला की काम झालं असं वाटतं. तसं नसतं ग. स्कोअर ही पहिली चाळणी. त्यानंतर प्रत्येक बँकेचे आपापले निकष असतात आणि ते त्या बाहेर सांगत नाहीत. पगार किती, नोकरीला किती महिने झाले, कंपनी त्यांच्या यादीत आहे का, राहत्या जागेचा पिनकोड त्यांच्या सेवेच्या भागात येतो का, हे सगळं बघितलं जातं. त्यातच नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांवर दिलेल्या उधारीचा जोखीम भार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे कार्डावर दिलेल्या प्रत्येक रुपयामागे बँकेला स्वतःचं भांडवल जास्त गुंतवून ठेवावं लागतं. साहजिकच बँका तेव्हापासून अर्ज जास्त बारकाईने बघायला लागल्या.

तुझ्या बाबतीत मला दोन गोष्टींचा दाट संशय आहे. फॉर्मवर नोकरीच्या जागी तू कोणाचं नाव लिहिलंस? तू बसतेस हिंजवडीच्या कंपनीत, पण पगाराची स्लिप मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची येते. तू कंपनीचं नाव लिहिलं असशील आणि बँकेने तिथे चौकशी केली असेल, तर "या नावाचं कोणी आमच्या पगारपत्रकावर नाही" हेच उत्तर मिळणार. त्यात त्या कंपनीचीही चूक नाही आणि तुझ्या मनातही खोटं नव्हतं. पण पडताळणी करणाऱ्याच्या कागदावर ते विसंगत म्हणूनच लागतं.

दुसरी गोष्ट नावाची. लग्नानंतर तू आधार बदलून घेतलंस, पॅन मात्र अजून माहेरच्या नावाचं आहे. पत्ता तर तीन ठिकाणी तीन: आधारवर सासरचा, बँकेत कऱ्हाडचा आणि फॉर्मवर वाकडचा. आपल्याकडे लग्न झालेल्या मुलींचं हे हमखास होतं. मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि संगणकाला ही एकच मुलगी आहे हे ओळखता येत नाही. पॅनवरचं नाव बदलायचं किंवा सगळीकडे माहेरचंच ठेवायचं, जावईबापूंशी बोलून तुला हवं ते ठरव, माझा कशालाच आग्रह नाही. पण एकच नाव सगळीकडे पाहिजे.

तरी फक्त अंदाजावर बसायचं नाही. रिपोर्ट पूर्ण काढ. तू पाठवलास तो फक्त स्कोअरच्या पानाचा फोटो होता, खरी माहिती मागच्या पानांवर असते. आपल्या देशात हे रिपोर्ट तयार करणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढ, कुठल्या तरी अॅपवरून नको. चारही बघ, कारण एकीकडे नसलेली नोंद दुसरीकडे सापडते.

मग खात्यांच्या भागात जा. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात आकडा. ००० म्हणजे त्या महिन्यात काही थकलेलं नाही. ०३० असेल तर हप्ता तीस दिवस थकला होता. सगळे चौकोन एकेक करून बघ, कंटाळा करू नकोस. आणि तुझं शैक्षणिक कर्ज "बंद" दाखवतंय का, ते आधी बघ.

हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या शाखेत एक मुलगा आला होता, त्याची गोष्ट मी विसरलेली नाही. शैक्षणिक कर्ज संपवलेलं, वडिलांनी शेवटचा हप्ता भरून पेढे वाटलेले. पण हप्ता पडला त्या दिवसापर्यंतचं व्याज महिनाअखेरीला लागलं आणि खात्यावर अडतीस रुपये येणं राहिलं. त्याला कोणी कळवलं नाही. फोन नंबरही दरम्यान बदललेला, त्यामुळे मेसेज गेले ते जुन्या नंबरवर. त्या अडतीस रुपयांपायी चौकोनांमध्ये महिन्यामागून महिने थकबाकी चढत गेली आणि त्याला घरासाठी कर्ज मिळेना. वडील सारखे म्हणत होते, "मॅडम, मी पैसे भरलेत हो." त्यांचं खरंच होतं. म्हणून कर्ज फेडलं की ना हरकत दाखला घ्यायचा आणि महिना-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून खातं बंद झालंय का ते बघायचं.

आणखी तीन ठिकाणी नजर टाक. "आता घ्या, पैसे नंतर द्या" असं म्हणणाऱ्या अॅपवर तू कॉलेजात असताना काही घेतलं असशील तर ते रिपोर्टमध्ये कर्ज म्हणूनच दिसतं, रक्कम दोनशे रुपये का असेना. तू कोणाला जामीन राहिली असशील तर तेही दिसतं, आणि त्याने हप्ते थकवले तर झळ तुला लागते. शिक्षकांना, सरकारी नोकरांना हे मी जीव तोडून सांगायचे, पण मित्राला नाही म्हणणं आपल्या लोकांना जमत नाही. तिसरं म्हणजे तुझं नसलेलं कर्ज. एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसं आपल्या भागात ढिगाने आहेत. जुन्या नोंदींत पॅन नसेल तर एकाचं कर्ज दुसऱ्याच्या रिपोर्टवर चढू शकतं.

असं काही चुकीचं सापडलं तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदव आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लिही. त्यांनी तीस दिवसांत निकाल लावायचा असतो. उशीर झाला तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. रिपोर्ट दुरुस्त करून देतो म्हणून पैसे मागणारे फोन येतील. त्यांच्याकडे तुझ्याहून जास्त काहीही अधिकार नसतात. ओटीपी तर कोणालाच द्यायचा नाही.

कार्ड तुला हवं आहे ते घे, मला ते पटतं. उद्या घर घ्यायचं म्हटलं तर वेळेवर फेडल्याचा इतिहास लागणारच, आणि शैक्षणिक कर्ज संपल्यावर तुझ्या नावावर चालू असं काहीच नाही. सगळं दुरुस्त होईपर्यंत एक सरळ मार्ग आहे: पगाराच्या बँकेत छोटी मुदत ठेव ठेव आणि तिच्या तारणावर कार्ड घे. ठेवीवर व्याज चालू राहतं, कार्ड सहसा नाकारलं जात नाही, आणि फेडीची नोंद रिपोर्टमध्ये इतर कार्डांसारखीच होते. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत खर्च ठेव. बिल मात्र पूर्ण भरायचं, "किमान रक्कम" हा पर्याय तुझ्यासाठी नाहीच असं समज. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

आणि मनू, बँकेने तुझे कागद नाकारले. तुझी मेहनत, तुझा प्रामाणिकपणा त्यांनी पाहिलेलाही नाही, तो आम्ही रोज पाहतो. लोकांपासून लपवण्यासारखं तुझ्या हातून काही झालेलं नाही, जावईबापूंनाही मोकळेपणाने सांग.

शैक्षणिक कर्जाचा ना हरकत दाखला बाबांनी हिरव्या फाइलमधून काढलाय, त्याचा फोटो सोबत पाठवते. अस्सल प्रत इथेच राहू दे. चारही रिपोर्ट आले की मला पाठव, रविवारी दुपारी आपण फोनवर एकेक पान बघू. पगाराच्या स्लिपवर एजन्सीचं नाव नेमकं कसं छापलंय तेही तोवर बघून ठेव.

तुझी,
आई