व्हिएन्नाला येण्याआधी हे नीट वाचा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं झाली, व्हिसा झाला. एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि फोनवर ती काही तोंडातून निघत नव्हती, म्हणून लिहिते आहे. तुम्ही माझ्या फ्लॅटवर उतरणार नाही. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरचं एक छोटं घर मी तुमच्या मुक्कामापुरतं भाड्याने घेतलं आहे. पैसेही भरून झालेत.

आई, लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. माझं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. शिवाय इथल्या जुन्या इमारतींत तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्येही मजले असतात, ते मोजतच नाहीत. म्हणजे चौथा म्हणजे सहावाच समज. तुझे गुडघे आणि बाबांचा दम, दोन्ही मला माहीत आहेत. जिने चढून तुम्हाला त्रास झालेला मला चालणार नाही. तुमच्या घरात दोन शेगड्या आहेत, कमोडशेजारी हँडशॉवर आहे, मागच्या अंगणात उघडणारी खिडकी आहे. माझा कुकर, पोळपाट-लाटणं तिथे नेऊन ठेवलं आहे आणि माझी गादीसुद्धा. रात्री मी तुमच्यातच झोपणार आहे. तुम्ही आलात आणि मी वेगळी राहिले, असं होईल का?

दिवसा मात्र मला कामावर जावं लागेल. त्या वेळात तुम्ही कोरडी पोळी खाऊन खिडकीत बसून राहिलात तर मला चालणार नाही. आता बाबा, तुम्ही वाचून दाखवा आणि आईने ऐकायचं.

पहिलं पाणी. नळाचं पाणी प्यायचं. उकळायचं नाही, गाळायचं नाही, बाटल्या विकत आणायच्या नाहीत. 1873 मध्ये या लोकांनी आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी कालव्याने शहरात आणलं, 1910 मध्ये दुसरा तसाच कालवा बांधला. दुसरा तर सुमारे 180 किलोमीटरचा आहे आणि त्यातून पाणी उतारानेच वाहत येतं. बाबा, पाणीपुरवठ्यात तुमची हयात गेली, पहिल्या दिवशी मी तुम्हाला श्वार्त्सेनबर्गप्लाट्झ या चौकातलं कारंजं दाखवणार आहे. ते त्या पहिल्या कालव्याच्या उद्घाटनालाच सुरू केलं होतं.

हेच पाणी कॉफीबरोबर मिळतं. इथल्या कॉफीहाउसात मेलांज मागवा, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी. धातूच्या छोट्या ट्रेमधून कप येतो, शेजारी पाण्याचा ग्लास आणि ग्लासावर पालथा ठेवलेला चमचा. एका कपावर दोन-दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. बिल आपण मागेपर्यंत आणत नाहीत, त्यामुळे बाबा, दर पाच मिनिटांनी पाकीट काढायचं नाही. वर्तमानपत्रं लाकडी दांड्याला लावलेली असतात, तुम्हाला वाचता आली नाहीत तरी फोटो बघा. कॅफे सेंट्रल 1876 चं आहे, कमानी सुंदर आहेत, पण बाहेर रांग असते. आईला रांगेत उभं करायचं नाही. त्यापेक्षा श्पेर्ल कॅफेत जा. तेही 1880 चं, जुन्या मखमली गाद्या, बिलियर्डची टेबलं, आणि शांत. मला तिथे बसलं की आपल्या स्टँडसमोरच्या हॉटेलची आठवण येते. बाबा, तुम्ही माझा चहा बशीत ओतून फुंकर मारून द्यायचात आणि आईला सांगू नको म्हणायचात. आईला ते कायम माहीत होतं.

एका संध्याकाळी मी तुम्हाला हावेल्का नावाच्या कॅफेत नेईन. 1939 पासूनचं आहे, आत अंधारं आहे, पण रात्री आठनंतर बुख्टेल्न मिळतात. ओव्हनमध्ये एकमेकांना चिकटून भाजलेले मऊ पाव, आत प्लमचा जाम, वरून पिठीसाखर. आई, तुला आवडतीलच.

झाखरटोर्ट खायचाच, पण बाबांनी अर्धा. चॉकलेटचा केक, त्यात जर्दाळूचा जाम, सोबत बिनसाखरेचं घुसळलेलं क्रीम. झाखर हॉटेल आणि डेमेल नावाचं 1786 चं मिठाईचं दुकान यांच्यात ‘अस्सल’ कुणाचा यावरून कित्येक वर्षं कोर्टकज्जा चालला, 1963 ला मिटला आणि तो शब्द हॉटेलकडे राहिला. मला विचाराल तर डेमेलला जाऊ या. तिथे काचेतून आचारी काम करताना दिसतात आणि आई तासभर हलणार नाही याची मला खात्री आहे.

आता जेवण, आणि इथे आई, तू पूर्ण लक्ष दे. शाकाहारी दिसणारं सगळं शाकाहारी नसतं. साधं सूप म्हणून जे येतं, ज्यात रव्याचे गोळे किंवा धिरड्याच्या पट्ट्या असतात, ते बहुधा गाईच्या मांसाच्या रश्शाचं असतं. इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्येसुद्धा तोच रस्सा घालतात. आंबट कोबीत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. म्हणून या तिन्हीला हात लावायचा नाही. मी चिठ्ठी लिहून देते, ती वेटरला दाखवा: ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने रिंड्सुप्पे.’ मांस नको, डुकराचं खारवलेलं मांस नको, तो रस्सा नको. आणि न लाजता दाखवा, वेटर रागावत नाहीत. केझश्पेट्झले मागवा, म्हणजे चीज घातलेले पिठाचे छोटे शेवयांसारखे तुकडे, पालकाचे क्न्योडेल मागवा, म्हणजे उकडलेले गोळे. केकमधल्या अंड्याचं तू मागेच ठरवलं आहेस, तेव्हा त्यावर मी बोलत नाही.

तुम्ही अनंत चतुर्दशी झाली की येताय, हे फार बरं झालं. तेव्हा प्लम असतात, त्यामुळे त्स्व्हेच्केनक्न्योडेल मिळतील. प्लमची बी काढून तिथे साखरेचा खडा घालतात, बटाट्याच्या पारीत मोदकासारखं बंद करून उकळत्या पाण्यात सोडतात आणि लोण्यावर परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात. कापलं की जांभळा रस ताटलीत पसरतो. गरम असतो, आई, फुंकून खा.

नाशमार्कट नावाच्या बाजारात सकाळी जा, रविवार सोडून. फळं-चीज घेताना ‘दहा डेका’ म्हणा, म्हणजे शंभर ग्रॅम. चाखायला हातात देतील, चाखलं म्हणजे घ्यायलाच हवं असं नाही. आई, तू भिडेखातर किलोभर ऑलिव्ह घेऊन येशील, म्हणून सांगते. रविवारी बाकी दुकानंही बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची चालू असतात. शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवू.

शनिवारी डी ट्राम पकडून नुसडॉर्फला हॉयरिगरमध्ये जाऊ, म्हणजे द्राक्षमळेवाल्यांच्या अंगणात. आपली वाईन घरी विकायची परवानगी त्यांना 1784 मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने दिली, तेव्हापासून हे चालू आहे. दाराशी पाइनची डहाळी टांगली असली की उघडं आहे असं समजायचं. आईसाठी द्राक्षाचा रस, ब्रेड आणि तिखटसर लिप्टाउअर चीज. बाबांनी सोडा घातलेली वाईन एक ग्लास घ्यावी आणि आईने बघून न बघितल्यासारखं करावं. त्या दिवसांत श्टुर्म मिळते, अर्धवट आंबलेली नवी वाईन. ती गोड असते. बाबा, एक घोट, बास. डॉक्टरांना विचारून या, आणि मला खरं सांगा.

येताना तूप, पेढे, खवा काही आणू नका. दूध आणि मांसाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ताही नको, इथे भारतीय दुकान आहे. नारळ चालतो. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि एकादशीसाठी साबुदाणा आणा. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, सामानात नाही. बाबांचं दुपारचं जेवण साडेबाराला, मग कितीही सुंदर संग्रहालय समोर असो. बाहेर पडताना पर्समध्ये बिस्किटं आणि माझा नंबर कागदावर. थोडी रोख जवळ असू द्या, जुन्या कॅफेत कार्ड चालेलच असं नाही.

त्या घरात तुम्हाला परकं वाटलं तर मला सांगा, मनात ठेवू नका. चाव्यांचे दोन जुडगे केलेत, तुमचा एक, माझा एक. चहाची पावडर मात्र आपलीच आणा, नेहमीची, अर्धा किलो.

तुमची,
छकुली