घसा बरा झाला, आवाजाचे काय? – आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

घशाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या रुग्णांबरोबर मी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. कर्करोगाच्या उपचारांसाठी मिळणारे सरकारी अर्थसाहाय्य शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपी इथेच न थांबता आवाजाच्या उपचारांपर्यंत पोहोचावे, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

स्वरयंत्र काढावे लागले नाही म्हणजे आवाज शाबूत राहिला, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात सहा-सात आठवड्यांच्या रेडिएशननंतर घसा कोरडा पडतो, स्वरतंतू ताठर होऊ शकतात आणि बोलण्यासाठी रुग्ण मानेचे स्नायू आवळू लागतो. ही सवय वेळीच सोडवावी लागते. त्यासाठीचे व्यायाम दिसायला अगदी साधे असतात. ग्लासभर पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढत ‘ऊ’ असा सूर धरणे, हा त्यांपैकीच एक. पण तो चुकीचा केला तर ताण कमी होण्याऐवजी वाढतो, म्हणून शेजारी जाणकार बसलेला हवा.

स्वरयंत्र पूर्ण काढलेल्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. ते मानेवरील छिद्रातून श्वास घेतात आणि फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत येतच नाही. अशा एका गृहस्थांनी मला पाटीवर लिहून दाखवले होते की, त्यांचे लिहून होईपर्यंत घरातले भांडण संपलेले असते. अन्ननलिकेत हवा घेऊन बोलायला शिकवताना आम्ही प, ट, क या वर्णांपासून सुरुवात करतो, कारण ते उच्चारताना हवा आपसूक मागे ढकलली जाते. तरीही पहिला स्पष्ट शब्द निघायला कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. गळ्याला लावायचे विजेरीवरचे यंत्र लवकर जमते, मात्र त्याचा आवाज यांत्रिक येतो.

श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायच्या झडपेमुळे बोलणे पुष्कळ सहज होते. १९८० च्या सुमारास रूढ होऊ लागलेली ही झडप कायमची नसते, हे मात्र निधी ठरवताना विसरले जाते. तिच्यावर बुरशी चढते, ती गळू लागते आणि पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरून रुग्णाला ठसका लागतो. सामान्यतः काही महिन्यांनी ती बदलावीच लागते. पहिली झडप सरकारने द्यायची आणि दुसरीसाठी रुग्णाने कर्ज काढायचे, याला मी तरी मदत म्हणणार नाही.

म्हणून झडपेची प्रत्येक बदली आणि थेरपीच्या बैठका या अर्थसाहाय्यात धराव्यात, तसेच कर्करोगाच्या प्रत्येक सरकारी विभागात स्पीच थेरपिस्टचे कायम पद असावे. यांखेरीज एका गोष्टीला फारसा खर्चही नाही: स्वरयंत्र काढण्याच्या संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाची थेरपिस्टशी एक भेट सक्तीची करावी, म्हणजे पुढे आपण कसे बोलणार हे त्याला स्वतःच्या आवाजात विचारता येईल.

आपली विश्वासू,
एक स्पीच थेरपिस्ट