बहिणीचे उत्तर आठ वर्षांनी यायला हवे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत अंतराळप्रवास आणि काळप्रवास यांवर बेतलेल्या एका नव्या मराठी कादंबरीचे परीक्षण आले आहे. कादंबरीचे नाव तिथे छापलेच आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. वाचनालयातून आणून ती मी आधीच दोनदा वाचली होती, आणि तापीकाठच्या खेड्यातला एक मुलगा अंतराळयानात बसवल्याबद्दल परीक्षकांनी लेखकाचे जे कौतुक केले आहे, ते मलाही मान्य आहे. परंतु अशा कादंबरीत वर्षांचा आणि अंतरांचा हिशेब तपासत बसणारा वाचक रसाला मुकतो, हे त्यांचे मत मला पटले नाही.

भुसावळ विभागात आधी मालगाड्यांवर आणि पुढे प्रवासी गाड्यांवर गार्ड म्हणून माझी नोकरी झाली. (आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात; आमच्या गल्लीत मात्र मी अजून गार्डसाहेबच आहे.) रोज दुपारी चारच्या ठोक्याला कंट्रोलकडून वेळ मिळे, स्थानकांवरची घड्याळे तिच्याशी जुळवली जात, आणि गाडी कुठे किती मिनिटे थांबली याची नोंद केल्याशिवाय आमची ड्यूटी संपत नसे. तेव्हा घड्याळाकडे पाहण्याची ही खोड मला जडलेली आहे, हे आधीच कबूल करतो.

लेखकाने स्वतःच दिलेले आकडे घेऊ. नायक २८ व्या वर्षी निघतो, तेव्हा धाकटी बहीण १८ वर्षांची आहे. तारा १२ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे प्रकाशालाही तिथे पोहोचायला १२ वर्षे लागतात, आणि यानाचा वेग प्रकाशाच्या ८० टक्के आहे. जायला १५ आणि यायला १५ अशी गावाकडची ३० वर्षे त्यात जातात. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलेल्या विशेष सापेक्षता सिद्धांताप्रमाणे या वेगाला पृथ्वीवरच्या एका तासात यानातले घड्याळ ३६ मिनिटेच पुढे सरकते, म्हणून यानात १८ वर्षेच होतात. नायक ४६ वर्षांचा होऊन घरी येतो आणि त्याची धाकटी बहीण ४८ वर्षांची झालेली असते. दारात बहीण सवयीने पाया पडायला वाकते आणि अर्ध्यावरच थांबते, कारण आता दोघांत थोरले कोण, हे दोघांनाही कळत नाही. परीक्षकांनी ज्या प्रसंगाला कादंबरीचा कळस म्हटले आहे, तो हाच. तो प्रसंग उभा राहिला आहे तो हिशेबावर. २८ आणि १८ हे आकडे मनात धरून न ठेवणाऱ्या वाचकाला तिचे थांबणे कळणारच नाही.

सातव्या प्रकरणात मात्र लेखकाने ही वही मिटून ठेवली आहे. यानातल्या घड्याळाप्रमाणे तीन वर्षे झाली असताना नायक आईच्या आजारपणाविषयी बहिणीला विचारतो, ती रडते, तो तिथल्या तिथे धीर देतो. जणू एक जण जळगावला आहे आणि दुसरा धुळ्याला. त्या वेळी गावाकडे ५ वर्षे उलटली आहेत आणि यान ४ प्रकाशवर्षे दूर गेले आहे. रेडिओचा संदेशही प्रकाशाच्याच वेगाने जात असल्याने नायकाचा प्रश्न घरी पोहोचायला ४ वर्षे लागतील. बहिणीने त्याच दिवशी उत्तर धाडले, तरी यान ताऱ्यापाशी पोहोचेपर्यंत ते त्याला गाठू शकत नाही. यान ताऱ्याला वळसा घालून माघारी फिरले की परतीच्या वाटेवर दोघांचे क्रॉसिंग होते, आणि तेव्हा यानात अकरा वर्षे पूर्ण झालेली असतात. (गाड्यांच्या क्रॉसिंगचे गणित मांडतात तसे कागदावर मांडून मी हे दोनदा पडताळले आहे.) म्हणजे तिसऱ्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अकराव्या वर्षी मिळाले असते, आणि आई आहे की गेली, हे ठाऊक नसताना नायकाने मधली आठ वर्षे काढली असती. असे प्रकरण लेखकाच्या हाताशी होते, आणि त्याने ते एका फोनवर उधळले.

ही कल्पनाच पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली आहे, असेही परीक्षक जाता जाता म्हणतात. रैवत ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तिथे गायन चालू होते म्हणून थोडा थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगे लोटली, ही कथा आपल्याकडे कीर्तनातूनही ऐकायला मिळते. आपल्या पूर्वजांना सापेक्षता ठाऊक होती असा दावा मी करत नाही, तसले दावे मला आवडतही नाहीत. मला कौतुक आहे ते पुराणकाराच्या चोखपणाचे. त्याने वेळेचा आकडा दिला आणि त्याचे परिणामही टाळले नाहीत: परत आल्यावर माणसे खुजी झालेली दिसतात, रेवती बलरामापेक्षा फारच उंच ठरते, आणि त्याला नांगराच्या टोकाने तिची उंची कमी करावी लागते.

हिशेब आला की रस जातो, हे तर खानदेशात बसून म्हणूच नये. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. त्याच भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त भुंग्यांच्या थव्याचे उदाहरण आहे. पाचवा हिस्सा कदंबावर जातो, तिसरा शिलींध्रावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि केतकी व मालती या दोघींच्या सुगंधाने ओढला गेलेला एकटा भुंगा आकाशात घिरट्या घालत राहतो. उत्तर पंधरा येते. लक्षात राहतो तो एकटा भुंगा. मराठी वाचकाला हे मानवत नाही असेही नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली होती, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले होते.

अखेरच्या तीन प्रकरणांत नायक भूतकाळात जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या काळात लवकर पोहोचणे गणितात बसते. मागे जाण्याची वाट अजून कोणी दाखवून दिलेली नाही, त्यामुळे तिथे लेखकाने हवी तशी वाट काढावी.

दुसरी आवृत्ती निघणार असल्याचे परीक्षणात म्हटले आहे. हे पत्र लेखकापर्यंत पोहोचले, तर सातव्या प्रकरणातले बहिणीचे उत्तर तिथून काढून परतीच्या प्रवासात, अकराव्या वर्षाच्या शेवटी घालावे, एवढी विनंती. हिशेबाचा कागद मी जपून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे गार्ड, भुसावळ