डिमोनाचा मुलगा

महोदय,

माझा भाचा लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता. परवा जेवताना त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. २५ फेब्रुवारी २००९, माद्रिदचे बेर्नाबेउ मैदान, ८२वे मिनिट. फाबिओ ऑरेलिओची फ्री किक गोलपुढे येते आणि अंगाने किरकोळ असलेला लिव्हरपूलचा योस्सी बेनायून रेआल माद्रिदच्या धिप्पाड बचावपटूंत शिरून डोक्याने चेंडू जाळ्यात ढकलतो. लिव्हरपूल १-० ने विजयी! भाच्याने ते चार वेळा दाखवले.

बेनायून २०१९ मध्ये निवृत्त झाला, तरी त्याचे असे तुकडे इंटरनेटवर अजून फिरत असतात. चॅम्पियन्स लीगमध्ये बेसिक्तासविरुद्ध, एफए कपमध्ये हॅवंटविरुद्ध, प्रीमियर लीगमध्ये बर्नलीविरुद्ध अशा तिन्ही स्पर्धांत त्याने हॅट्ट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल, केली. त्याला प्रत्यक्ष खेळताना न पाहिलेल्या पोरांनाही हे तोंडपाठ आहे. मला याचे फार बरे वाटते. पण "हा मूळचा कुठला रे?" असे विचारले, तर भाच्याला सांगता येईना.

तो डिमोनाचा. इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात १९५५ साली वसवलेले हे गाव. बेनायूनचे घराणे मोरोक्कोतून आलेले. पंधरा-सोळाव्या वर्षी तो आयाक्स या डच क्लबच्या अकादमीत गेला, पण हॉलंडमध्ये करमेना म्हणून वर्ष व्हायच्या आत घरी परतला. तोच मुलगा पुढे इस्रायलसाठी १०२ सामने खेळला.

आणि याच डिमोनात आपली माणसे राहतात! कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, आपले शनिवार तेली, मोठ्या संख्येने तिथे स्थायिक झाले. आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीतले एक शेजारी कुटुंबही तिथेच गेले. माझ्या आईला त्या घरातला मलिद्याचा प्रसाद शेवटपर्यंत आठवत असे. आजही डिमोनात भेळ मिळते, म्हाताऱ्यांच्या तोंडी मराठी ऐकू येते आणि आपल्या लोकांनी तिथे क्रिकेटही जिवंत ठेवले आहे. हे सांगितल्यावर भाचा घास हातात धरून ऐकत राहिला.

आणखी एक सांगायलाच हवे. या चित्रफितींखाली बेनायूनच्या देशावरून जे गलिच्छ लिहिले जाते, ते वाचून वाईट वाटते. तिथल्या युद्धाबद्दल ज्याला जे तीव्रपणे वाटते ते वाटो, तो त्याचा हक्क आहे. पण चेंडू मारणाऱ्या माणसाला शिव्या कशासाठी? २००६ च्या विश्वचषक पात्रता फेरीत बेनायूनच्या खांद्याला खांदा लावून अब्बास सुआन आणि वालिद बादीर हे अरब खेळाडू खेळले. मार्च २००५ मध्ये एकाच आठवड्यात सुआनने आयर्लंडविरुद्ध, तर बादीरने फ्रान्सविरुद्ध बरोबरी साधून दिली. इस्रायलचा तो संघ गटात एकही सामना हरला नाही, तरी विश्वचषकाला मुकला. हे गोलही कोणीतरी पोरांना दाखवायला हवेत.

माझी आपल्याला विनंती आहे की रविवारच्या क्रीडा पानावर एकदा डिमोनाबद्दल सविस्तर लिहावे. तिथल्या मराठी बोलणाऱ्या वृद्धांना गाठून, त्यांनी या मुलाला गल्लीत खेळताना पाहिले होते का, हेही विचारावे. ते कात्रण मी भाच्यासाठी जपून ठेवीन.

– एक वाचक, अलिबाग