परवा फोन उशिरा का आला

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा "विमान पुन्हा वर घ्यावं लागलं" एवढंच सांगून मी फोन ठेवला. आईचा आवाज कापत होता. तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, म्हणून आज लिहितेय.

बाबा, ढगात काही दिसलं नाही तरी यंत्र वाट दाखवतं, हे तुम्ही म्हणता ते खरंच आहे. धावपट्टीशेजारचा अँटेना रेडिओलहरींचा साधारण 3 अंशांचा उतार आखतो, तो ग्लाइडस्लोप. आपण त्या उतारावर असलो की कॉकपिटमधली खूण मध्यावर येते आणि ऑटोपायलट तिच्यामागे खाली उतरतो. पण बऱ्याच ठिकाणी हा उतार तयार व्हायला जमिनीवरून परतलेल्या लहरीही लागतात. थेट आलेल्या आणि परतलेल्या लहरी मिसळल्या की खऱ्या उताराच्या वर खोटे उतार उमटतात. 9 अंशांच्या आसपास खूण अगदी खऱ्यासारखी मध्यावर येते. त्याच्या खालच्या एका पट्ट्यात तर ती उलटंच सांगते: विमान वर असताना म्हणते, तू खाली आहेस.

खोटे उतार वरच असतात, म्हणून खरा उतार खालून गाठायचा. परवा आम्हाला बराच वेळ उंच ठेवलं होतं, तो वरून पकडायची वेळ आली. खूण सरकत मध्यावर आली आणि मला हायसं वाटलं. मग सवयीने हिशेब केला. एका समुद्री मैलाला सुमारे 300 फूट, म्हणजे 5 मैलांवर धावपट्टीपासून 1500 फूट उंची हवी. आम्ही 4500 च्या वर होतो! मी कॅप्टनना सांगितलं, त्यांनी तत्काळ गो-अराउंड घेतला, म्हणजे उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेलं.

2013 साली नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला एका बोइंग 737-800 च्या ऑटोपायलटने अशाच खोट्या खुणेमागे नाक वर उचललं. वेग घसरला, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, इशारा म्हणून वैमानिकांच्या हातातला दांडा थरथरू लागला. वैमानिकांनी विमान सावरलं.

मला मात्र त्याहून सामोआची घटना जास्त छळते. 2000 सालच्या जुलैमध्ये तिथल्या फालेओलो विमानतळावर ग्लाइडस्लोपच्या यंत्रणेतच दोष होता. विमान कुठेही असो, खूण मध्यावरच, आणि धोक्याचा लाल इशाराही नाही. रात्री एक बोइंग 767 त्या खुणेवर विसंबून समुद्राजवळ उतरत गेलं. धावपट्टी अजून 5 मैलांहून लांब होती. अंतर जुळेना, दिवे भलतीकडे दिसले, तेव्हा वैमानिकांनी विमान वर काढलं. तिथे खालून उतार पकडण्याचा नियमही कामी आला नसता. अंतराशी उंची ताडून पाहणं, एवढंच हातात होतं. म्हणून मी दर मैलाला उंची मोठ्याने म्हणते.

दुसऱ्या खेपेला आम्ही 3000 फुटांवर सरळ आलो, खालून उतार पकडला. 5 मैलांवर उंची 1500 च्या जरा वर होती.

आई, तेवढा वेळ तू फोनजवळून हलली नाहीस, हे बाबांनी सांगितलं. यापुढे उशीर झाला तर इंजिनं बंद झाल्याबरोबर, प्रवासी उतरायच्या आधीच, तुला एक ओळ पाठवीन.

तुमची लेक